४एल६०-ई गिअरबॉक्स: तिसऱ्या गिअरचा क्लच पुन्हा पुन्हा का जळतो, आणि घरच्या गॅरेजमध्ये त्याचे मूळ कारण कसे शोधावे

जनरल मोटर्सच्या ४एल६०-ई या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची तक्रार नेहमी एकाच प्रकारची असते. गाडी पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये उत्तम ओढते, पण पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबून दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिनाचा आवाज एकदम चढतो, आरपीएमचा काटा उडतो आणि गाडीची ओढ क्षणभर निघून जाते. सुरुवातीला हे फक्त जोरात चालवतानाच होते. काही आठवड्यांनी साध्या चालीतही होऊ लागते आणि अखेरीस तिसरा व चौथा हे दोन्ही गिअर नाहीसे होतात. गिअरबॉक्स उघडला की थ्री-फोर क्लचच्या, म्हणजे तिसरा व चौथा गिअर लावणाऱ्या क्लचच्या, प्लेटा कोळशासारख्या काळ्या निघतात. नव्या प्लेटा घालून गाडी जोडली जाते, काही महिने बरे जातात आणि तोच आजार परत येतो.

माझ्या २००० सालच्या कॅमॅरो झी-२८ मध्ये हा क्लच तीन वेळा जळला. मी मिशिगनमध्ये डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो आणि गाडीचे सगळे काम घराच्या गॅरेजमध्ये करतो. गाडीचे ५.७ लिटरचे एलएस-१ इंजिन कारखान्यातून ३०५ अश्वशक्तीचे होते; कॅमशाफ्ट, हेड आणि एक्झॉस्ट बदलल्यावर चाकांवर सुमारे ४०० अश्वशक्ती मिळू लागली. पहिल्यांदा गिअरबॉक्स एका दुकानातून बांधून घेतला, दुसऱ्यांदा स्वतः बांधला, आणि दोन्ही वेळा अधिक प्लेटा व अधिक महाग प्लेटा घालण्यावरच भर दिला. तिसऱ्यांदा जेव्हा हा गिअरबॉक्स टेबलावर उघडून बसलो तेव्हा प्लेटांकडे न बघता तेलाच्या वाटा तपासल्या आणि दोष सापडला. या गिअरबॉक्समध्ये थ्री-फोर क्लच जळणे हे बहुतेक वेळा लक्षण असते. रोग तेलाच्या दाबात असतो, आणि दाब कुठे गळतो हे सापडेपर्यंत नव्या प्लेटा विकत घेऊ नयेत, असे माझे ठाम मत झाले आहे.

आपल्याकडच्या जुन्या स्कूटरचे उदाहरण येथे तंतोतंत लागू पडते. स्कूटरचा क्लच घसरू लागला की जाणता मिस्त्री आधी केबलचा प्ले बघत असे, कारण केबल ताठ राहिली तर क्लचच्या प्लेटा एकमेकींवर कधीच पूर्ण आवळल्या जात नाहीत आणि कितीही चांगल्या प्लेटा घातल्या तरी त्या जळतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये केबलच्या जागी तेल आहे, एवढाच फरक.

हा गिअरबॉक्स १९८२ साली ७००आर४ या नावाने आला, १९९० मध्ये त्याचे नाव ४एल६० झाले आणि १९९३ पासून इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेला ४एल६०-ई येऊ लागला. त्याचे गिअर ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७० असे आहेत. पहिला गिअर खूप खोल आणि दुसरा-तिसरा यांतले अंतर मोठे, त्यामुळे ६००० आरपीएमला तिसरा गिअर पडला की इंजिनाला जवळजवळ ३७०० पर्यंत खाली यावे लागते. इंजिन, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोहोचवणारा भाग) आणि त्यांच्यासह फिरणाऱ्या सगळ्या वजनाला एवढे खाली आणण्याचे काम, मागून इंजिनाची पूर्ण ताकद चालू असताना, एकटा थ्री-फोर क्लच करतो. हा क्लच इनपुट ड्रममध्ये, म्हणजे इंजिनाची ताकद आत घेणाऱ्या फिरत्या डब्यात, फॉरवर्ड आणि ओव्हररन या क्लचांबरोबर दाटीवाटीने बसवलेला आहे; मुळात त्यात साधारण सहा फ्रिक्शन प्लेटा (पकड देणारे अस्तर लावलेल्या) असतात आणि जागा वाढवता येत नाही. ही त्याची जन्मजात मर्यादा आहे, हे मान्य केले पाहिजे. पण मर्यादा असणे आणि सहा हजार मैलांत जळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी खात्री करावी की जळाले आहे ते थ्री-फोर क्लचच. पहिला व तिसरा गिअर आहेत पण दुसरा, चौथा आणि रिव्हर्स एकाच वेळी गेले असतील, तर सन-शेल, म्हणजे मधल्या सन-गिअरला जोडलेली पोलादी टोपी, तुटली आहे. या गिअरबॉक्सचा तो दुसरा प्रसिद्ध दुबळा भाग आहे आणि त्याचा या लेखातील दोषाशी संबंध नाही. दुसरा व चौथा गेले पण रिव्हर्स शाबूत असेल, तर टू-फोर बँड (दुसऱ्या व चौथ्या गिअरसाठी ड्रमभोवती आवळणारा पट्टा) किंवा त्याचा सर्व्हो (तो पट्टा आवळणारा, तेलाच्या दाबावर चालणारा पिस्टन) बघावा. तिसऱ्याच्या वेळी गाडी न्यूट्रल झाल्यासारखी वाटत असेल आणि पहिला, दुसरा, रिव्हर्स ठीक असतील, तर तो थ्री-फोर क्लच होय. त्यामागचे कारण समजले की निदान पक्के होते: क्लचने पकडले नाही तर बँड सुटल्यामुळे गिअरबॉक्स प्रत्यक्षात पहिल्या गिअरच्या अवस्थेत परततो, आणि त्या वेगाला पहिल्या गिअरचे आरपीएम गाठेपर्यंत इंजिन नुसतेच फिरत राहते. चौथा मागितला तर बँड पुन्हा आवळतो आणि दुसऱ्या गिअरसारखी ओढ लागते. त्यामुळे क्लच पूर्ण मेलेल्या गाडीत चौथ्याच्या वेळी विचित्र धक्का बसतो, आणि अनेकांचे लक्ष त्यामुळे भलतीकडे जाते.

स्कॅनरमध्ये पी१८७० हा कोड असेल तर घाई करू नये. तो बऱ्याचदा व्हॉल्व्ह बॉडीतील (तेलाच्या वाटा वळवणाऱ्या भागातील) टॉर्क कन्व्हर्टरच्या क्लचचा व्हॉल्व्ह आणि त्याचे भोक झिजल्यामुळे येतो, थ्री-फोर क्लचमुळे नव्हे.

गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी दाब मोजणे हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे, आणि मी पहिल्या दोन वेळा नेमके तेच केले नाही. केसच्या डाव्या बाजूला, गिअर लिव्हरच्या दांड्याच्या वरच्या भागात दाब मोजण्यासाठी एक छोटा प्लग असतो. तो काढून तेथे ३०० पीएसआयपर्यंतचा (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर पौंडांत मोजलेला दाब) गेज लांब होजने जोडावा आणि होज एक्झॉस्टपासून दूर, काचेजवळ असा आणावा की चालवणाऱ्याशेजारी बसलेल्या माणसाला गेज दिसेल. गरम तेलावर डी (ड्राइव्ह) मध्ये आयडलला साधारण ५५ ते ६५ पीएसआय दिसावे आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबताच काटा तत्काळ वर जावा. प्रेशर कंट्रोल सोलेनॉइडचे, म्हणजे दाब ठरवणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हचे, काम उलट दिशेने चालते हे येथे ध्यानात ठेवावे: करंट शून्य असेल तेव्हा दाब सर्वाधिक असतो आणि करंट सुमारे १.१ अँपिअर असेल तेव्हा सर्वांत कमी. म्हणून गिअरबॉक्सचा मोठा कनेक्टर काढून इंजिन चालू केले की पूर्ण दाब मिळायला हवा. दोन्ही शिफ्ट सोलेनॉइड बंद पडल्यामुळे गिअरबॉक्स तिसऱ्यात अडकतो, तेव्हा या अवस्थेत गाडी रस्त्यावर नेऊ नये. जागेवर वाचन घेऊन कनेक्टर परत लावावा.

आता निकाल असा लावायचा. कनेक्टर काढल्यावरही दाब वर जात नसेल तर दोष पंप, बूस्ट व्हॉल्व्ह (पंपातला दाब वाढवणारा व्हॉल्व्ह), फिल्टर किंवा तेलाच्या पातळीत आहे. कनेक्टर काढल्यावर दाब वर जातो पण चालवताना जात नाही, तर संगणक दाब मागतच नाही. आणि मुख्य दाब उत्तम असूनही तिसरा गिअर घसरतो, तर तेल मुख्य वाटेवर आहे पण क्लचपर्यंत पोहोचण्याआधी वाटेत गळते आहे. माझ्या गाडीत तिसरी गोष्ट होती, पण दुसरीही थोडीफार होती, म्हणून दोन्हींविषयी लिहितो.

इंजिन सुधारलेल्या गाडीत संगणकाचा दोष अगदी सहज निर्माण होतो. संगणक हवेच्या मोजमापावरून इंजिनाचा टॉर्क ठरवतो आणि त्या आकड्यावरून गिअरबॉक्सचा दाब ठरवतो. कॅम आणि हेड बदलल्यावर संगणकातले हवेच्या मोजमापाचे टेबल नीट बसवले नाही, किंवा आकडे मुद्दाम कमी दाखवून काम भागवले, तर इंजिन ५४० न्यूटन-मीटर टॉर्क देत असताना संगणक ४०० धरून चालतो आणि क्लचला ४०० पुरताच दाब देतो. प्लेटा त्या घसरतीत तासले जावे तशा झिजतात आणि चालकाला मात्र शिफ्ट मऊ व छान वाटते. ट्यूनिंग करणाऱ्याला हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा. शिफ्टच्या वेळी इंजिनाचा टॉर्क क्षणभर कमी करण्याची जी सोय मूळ प्रोग्रॅममध्ये असते ती पूर्ण काढून टाकण्याची प्रथा आहे, आणि ती मला चुकीची वाटते. दुसऱ्या-तिसऱ्याच्या शिफ्टमध्ये ती निम्मी तरी ठेवावी. वेळेत काहीही गमवावे लागत नाही आणि क्लचचा ताप पुष्कळ कमी होतो.

फिल्टरविषयी थोडक्यात सांगतो. नवा फिल्टर घालताना जुने सील पंपाच्या तोंडातच राहून जाते आणि नवे त्यावर बसवले जाते, किंवा नवे सील तिरके ठोकले जाते, आणि मग पंप तेलाबरोबर हवा ओढतो. दाब आरपीएमबरोबर थरथरतो. पॅन उघडला की हे आधी बघावे.

गिअरबॉक्स उतरवणे हे कष्टाचे असले तरी अवघड काम नाही. तो कोरडा असतानाही ६५ किलोच्या पुढे भरतो, म्हणून गाडी चार भक्कम स्टँडवर आणि गिअरबॉक्स ट्रान्समिशन जॅकवर, पट्ट्याने बांधून असावा. साध्या जॅकवर तोल सांभाळत तो उतरवण्याचा प्रयत्न करू नये. पॅनमधला गाळ फेकण्यापूर्वी पांढऱ्या कापडावर पसरून बघावा. काळी, मऊ पूड म्हणजे फ्रिक्शनचे अस्तर. चंदेरी चमक म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, बहुधा ड्रम किंवा पंप. पितळी चमक म्हणजे बुश.

इनपुट ड्रम बाहेर आला की थ्री-फोर क्लचच्या स्टील प्लेटा उजेडात धराव्यात. सगळ्या सारख्या निळ्या-काळ्या पडल्या असतील तर क्लच दीर्घकाळ कमी दाबावर घसरत होता. ठराविक अंतरावर निळे ठिपके आणि मधे स्वच्छ पोलाद असेल तर दाब पुरेसा होता, पण प्लेट एकाएकी तापली. माझ्या प्लेटा एकसारख्या निळ्या होत्या, पिस्टनकडच्या बाजूला अधिक, आणि तेलाला करपलेल्या दुधासारखा वास होता. तो वास हाताला दोन दिवस राहिला.

गळतीची पहिली जागा केसमध्येच आहे आणि ती बहुसंख्य लोक तपासत नाहीत. सर्व्होच्या भोकात एक छोटी चेकबॉल कॅप्सूल ठोकलेली असते, तिला थर्ड अ‍ॅक्युम्युलेटरची कॅप्सूल म्हणतात. तिसरा गिअर लागलेला नसताना त्या वाटेतली हवा व उरलेले तेल बाहेर जाऊ देणे आणि तिसऱ्याचा दाब येताच गोळीने भोक बंद करणे हे तिचे काम. तिसऱ्या गिअरचे तेल एकाच वेळी दोन कामे करते: थ्री-फोर क्लच आवळते आणि सर्व्होच्या मागच्या बाजूला जाऊन बँड सोडवते. गोळीची बैठक झिजली की हे तेल केसमध्ये परत वाहू लागते, क्लचला अपुरा दाब मिळतो, आणि बँडही उशिरा सुटतो, म्हणजे क्लच एकीकडे अशक्त आणि दुसरीकडे अर्धवट आवळलेल्या बँडशी झगडतो. यापेक्षा वाईट अवस्था क्लचसाठी असू शकत नाही.

तपासणी सोपी आहे. सर्व्हो काढून, केस आडवी ठेवून, सर्व्होचे भोक वरच्या दिशेला येईल असे करावे आणि त्यात मिनरल स्पिरिट, म्हणजे आपल्या रॉकेलसारखा पातळ द्रव, कॅप्सूल बुडेपर्यंत ओतावे. कॅप्सूल चांगली असेल तर द्रव तसाच उभा राहतो. माझ्या केसमध्ये मी ओतला आणि बॅटरी लावून आत बघत होतो. आधी काहीच झाले नाही, मग केसच्या आतल्या बाजूच्या एका भोकाच्या कडेला एक थेंब जमला, फुगला, ओघळला, आणि त्यामागे दुसरा. पाच मिनिटांत पातळी अर्ध्यावर आली. दोन दुरुस्त्यांचा पैसा आणि दोन हिवाळ्यांतले शनिवार त्या थेंबांतून वाहून गेले होते. नवी कॅप्सूल स्वस्त मिळते. जुनी स्क्रू एक्स्ट्रॅक्टरने काढावी, नवी बसवताना तिच्या खाचा केसमधल्या तेलाच्या वाटेशी जुळवाव्यात, कडेला पक्की ठोकून अडकवावी आणि मग द्रव ओतून पुन्हा तपासावे. हे पुन्हा तपासणे टाळू नये, कारण नवी कॅप्सूलही तिरकी बसू शकते.

दुसरी जागा इनपुट ड्रममधली तशीच चेकबॉल कॅप्सूल. ड्रम फिरत असताना केंद्रोत्सारी बलाने आत उरलेले तेल पिस्टन ढकलत राहू नये म्हणून ती उघडी राहते आणि दाब आला की बंद होते. ती गळाली तर क्लच अशक्त होतो, आणि ती बंदच अडकली तर क्लच पहिल्या-दुसऱ्यातही घासत राहतो. दोन्ही वाटा जळण्याकडेच जातात. ही सुद्धा द्रव ओतून आणि हवेने तपासावी, आणि शंका असेल तर बदलावी.

तिसरी जागा ड्रम आणि पोलादी शाफ्ट यांचा सांधा. ड्रम अ‍ॅल्युमिनियमचा आहे आणि वाढलेल्या टॉर्कने शाफ्ट त्यात हलू लागतो. शाफ्ट हाताने पिळून जराही हलला तर तो ड्रम टाकून द्यावा. चारशे अश्वशक्तीच्या पुढच्या इंजिनासाठी बाहेरून पोलादी कडे बसवलेला ड्रम घेणे हा मला योग्य खर्च वाटतो. शाफ्टवरच्या चार टेफ्लॉन रिंगा बसवताना गरम पाण्यात टाकून सैल कराव्यात, खाचेत बसल्या की साइझिंगच्या नळीने आवळून काही वेळ तशाच ठेवाव्यात. रिंग किंचित वर राहिली तर पंप बसवताना ती कापली जाते आणि तुम्हाला कळतही नाही.

पिस्टनच्या सीलला व्हॅसलीन किंवा असेंब्ली जेल लावावे. तेलात न विरघळणारे पांढरे ग्रीस वापरू नये. फ्रिक्शन प्लेटा बसवण्याआधी किमान अर्धा तास तेलात भिजवाव्यात. आता प्लेटांच्या संख्येविषयी. आठ-आठ प्लेटांचे संच बाजारात आहेत, पण त्यात बसवण्यासाठी स्टील प्लेटा पातळ कराव्या लागतात, आणि पातळ पोलाद उष्णता साठवत नाही, वाकते. मी सहा चांगल्या फ्रिक्शन आणि जाड स्टील ठेवतो. फिलर गेजने प्ले मोजून मी ०.०३५ ते ०.०४५ इंच, म्हणजे साधारण ०.९ ते १.१५ मिलिमीटर ठेवतो. त्याहून घट्ट केले तर क्लच सुटलेला असतानाही घासतो. सैल केले तर पिस्टनचा प्रवास वाढून शिफ्ट लांबते.

ड्रम जुळवून पंपावर उभा करावा आणि पंपाच्या वाटेने ४० पीएसआयची हवा द्यावी. निरोगी क्लच ‘ठप्’ असा एकच, स्पष्ट आवाज करतो आणि हवा दिलेली असेपर्यंत आवळलेला राहतो. रिंगांपाशी थोडी फुसफुस चालते. पण ‘ठप्’च्या ऐवजी ‘फुस्स’ असा लांबलेला आवाज आला, किंवा प्लेटा हळूहळू सरकताना दिसल्या, तर ड्रम पुन्हा उघडावा. त्या क्षणी कंटाळा येतो, हे मी जाणतो, तरीही उघडावा.

दाब वाढवण्यासाठी पंपातला ०.४७० इंचाचा बूस्ट व्हॉल्व्ह काढून ०.५०० इंचाचा घालावा. पंपाचे दोन भाग जोडताना ते एकमेकांशी तंतोतंत समकेंद्री असावेत, त्यासाठी भोवती रुंद पट्टा आवळून मग बोल्ट कसावेत. दुसऱ्या गिअरसाठी कॉर्व्हेटचा मोठा सर्व्हो घालण्याची पद्धत चांगली आहे. सन-शेल आधी सांगितल्याप्रमाणे दुबळा असल्यामुळे, गिअरबॉक्स उघडलाच आहे तर बळकट सन-शेल आताच घालावा.

जुना टॉर्क कन्व्हर्टर परत वापरू नये. त्यात जळलेल्या प्लेटांची पूड बसलेली असते आणि ती धुऊन निघत नाही. कूलर आणि त्याच्या नळ्या दोन्ही दिशांनी धुवाव्यात, आणि जास्त स्टॉलचा (जास्त आरपीएमला पकडणारा) कन्व्हर्टर असेल तर वेगळा, मोठा कूलर लावावा. कन्व्हर्टर पंपात पूर्ण बसल्याची खूण म्हणजे गिअरबॉक्स इंजिनाला टेकल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट (इंजिनाच्या टोकाची पातळ चकती) यांत ३ ते ५ मिलिमीटरचे अंतर राहते आणि कन्व्हर्टर हाताने सहज फिरतो. अंतर नसेल तर बोल्ट आवळू नयेत. पंप जागच्या जागी फुटतो.

हे सगळे करूनही हा गिअरबॉक्स किती सहन करेल, याला सीमा आहे. टर्बो लावून चाकांवर ५०० अश्वशक्तीच्या पुढे जाण्याचा बेत असेल तर मी ४एल६०-ई वर पैसे घालण्याचा सल्ला देणार नाही. १९९१ पासून आलेला ४एल८०-ई जड आहे, लांब आहे, त्यासाठी प्रॉपेलर शाफ्ट आखूड करावा लागतो आणि क्रॉसमेंबर हलवावा लागतो, पण त्याचे क्लच मुळातच मोठे आहेत.

जोडणीनंतर गरम तेलावर, इंजिन चालू ठेवून, पार्कमध्ये पातळी बघावी. पूर्ण कोरड्या गिअरबॉक्सला कन्व्हर्टरसह सुमारे ११ लिटर डेक्स्रॉन-६ हे तेल लागते. गेज आठवडाभर काढू नये. माझ्या गाडीत आता पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरला दाब २१० पीएसआयपर्यंत जातो, आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या शिफ्टला काटा क्षणभर किंचित खाली येऊन लगेच परत जातो, पूर्वीसारखा दीडशेवर लोंबकळत नाही. पाचशे मैलांनंतर पॅन पुन्हा उतरवला, तेव्हा मॅग्नेटवर काजळाइतका पातळ राखाडी थर होता आणि तेल लालच होते. त्या दिवसापासून आजपर्यंत २२ हजार मैल झाले आहेत.